एक गुरुजी, चार इयत्ता

(वाचनासाठी : १ शमुवेल, अध्याय ३; मार्क ६ : ३०–४४)

खानापूर तालुक्यातील ज्या खेड्यात माझे प्राथमिक शिक्षण झाले, तेथील शाळा एकाच खोलीची होती. वर कौले, खाली शहाबादी फरशी, आणि भिंतीवर एकुलता एक फळा. त्या फळ्याचे गुरुजींनी खडूच्या उभ्या रेघा मारून चार भाग केलेले असत. पहिलीची रांग दाराशी बसे आणि चौथीची खिडकीपाशी. एका भागात अक्षरे, दुसऱ्यात बेरजा, तिसऱ्यात गुणाकार आणि चौथ्यात व्यवहारी हिशेब. पावसाळ्यात कौलांवर सरी आपटू लागल्या म्हणजे गुरुजींचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नसे. मग ते आमच्यापैकी एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती छडीऐवजी खडू देत आणि म्हणत, "जा रे, पहिलीची उजळणी घे."

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०१६–१७ ची जी आकडेवारी दिली आहे, तीनुसार त्या वर्षी देशात १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी होत्या, आणि त्यांपैकी ८५,७४३ शाळा पहिली ते पाचवीच्या होत्या. सरकारी प्राथमिक शाळांपैकी सुमारे २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती. १९८६ च्या धोरणानंतर आलेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक शाळेला निदान दोन शिक्षक आणि दोन खोल्या देण्याचे ठरवले होते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. म्हणजे कायदा अक्षरशः पाळला, तरी इयत्ता पाच आणि शिक्षक दोनच. तेव्हा एका शिक्षकाने अनेक इयत्ता एकत्र शिकवणे हा अपवाद नव्हे. खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या बाबतीत तोच नियम आहे.

वाचक म्हणतील, हा विषय शिक्षणखात्याचा आहे, मंडळीच्या मासिकात त्याचे काय काम? माझे म्हणणे असे की, त्या एका खोलीत एक जुना नैतिक प्रश्न रोज सकाळी प्रार्थनेनंतर उभा राहतो, आणि आपल्या शब्बाथशाळेत तो दर रविवारी उभा राहतो. शिकवणारा एक, शिकणारे निरनिराळ्या वयांचे, आणि वेळ मोजका. त्याचे लक्ष कोणाच्या वाट्याला यावे? आणि ते सर्वांना पुरत नाही म्हणून त्याने एका मुलाला दुसऱ्या मुलाच्या कामी लावले, तर ते त्या मुलाचे शिक्षण झाले की त्याचा वापर झाला?

प्रथम या पद्धतीच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलतो, कारण मी स्वतः तिचा ऋणी आहे. मी चौथीत असताना गुरुजींनी मला तिसरीच्या तीन मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवायला बसवले. बावन्नातून अठरा वजा करायचे. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून पाचाकडून एक उसना घ्यायचा, पाचाचे चार करायचे, हे मी पोपटासारखे सांगितले. त्यांतल्या एकाने विचारले, "एकच घेतला, मग दोनाचे बारा कसे झाले?" मला उत्तर येईना. माझी वजाबाकी कधी चुकत नसे, पण ती बरोबर का येते हे मला ठाऊक नव्हते. मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी काही न बोलता दोऱ्याने बांधलेले दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या माझ्या हातात दिल्या. एक गठ्ठा सोडला, दहा काड्या सुट्या झाल्या, दोनात मिळवल्या, बारा झाल्या. त्या दिवशी त्या तिघांना वजाबाकी समजली की नाही हे मला आठवत नाही. मला मात्र समजली. दुसऱ्याला सांगू गेल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हे कळत नाही, हा धडा मी तेथे शिकलो.

अशा खोलीचा आणखी एक गुण आहे. तेथे दुसरीचे मूल बसल्या जागी तिसरीचे पाढे ऐकत असते आणि चौथीचे मूल विसरलेले अक्षर पुन्हा ऐकत असते. मागे पडलेल्या मुलाला लाज वाटत नाही, कारण त्या खोलीत सगळेच कोणाच्या तरी मागे आणि कोणाच्या तरी पुढे असतात. मोठा भाऊ, लहान बहीण आणि शेजारचे पोर एकत्र वाढतात, तसे ते घरासारखे असते. देवाने माणसाला कुटुंबात घातले ते एकाच वयाच्या चाळीस जणांच्या कुटुंबात घातलेले नाही. वयानुसार मुले वेगळी करून कोंडण्याची रीत ही फार अलीकडची आहे.

आता दुसरी बाजू. मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची पद्धत आपल्याच देशातील. बळ्ळारीचे जिल्हाधिकारी कॅम्पबेल यांनी १८२३ साली आपल्या अहवालात देशी शाळांतील या रीतीची वाखाणणी केली आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असा अभिप्राय दिला. ते अनुकरण एका पाळकाच्या हातून घडले होते. रेव्ह. अँड्र्यू बेल हे १७८९ साली मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक झाले. मलबारी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे त्यांनी पाहिले आणि तसे आपल्या शाळेत करावे असे त्यांना वाटले. तेथील शिक्षक ते मनावर घेईनात. तेव्हा बेल यांनी सुमारे आठ वर्षांच्या एका मुलाला मुळाक्षरांच्या वर्गावर नेमले, आणि त्या मुलाने ते काम उत्तम केले. १७९७ साली त्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त छापला, आणि 'मद्रास पद्धती' हे नाव इंग्लंडभर झाले. तिकडे १७९८ साली जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने लंडनमध्ये अशाच धर्तीची शाळा काढली. एक मास्तर आणि त्याच्या हाताखाली अनेक छोटे मॉनिटर, असे करून शेकडो मुले एका दिवाणखान्यात शिकवता येतील, असा त्यांचा दावा होता.

हेतू चांगला होता. ज्या गरिबांच्या मुलांना कोणीच शिकवत नव्हते, त्यांना अक्षर मिळाले. पण थोड्याच वर्षांत त्या पद्धतीचे वैगुण्य दिसून आले. मॉनिटर मुलाला जेवढे येत होते तेवढेच तो खाली देऊ शके. म्हणून शिकवणे हे पाठ करून घेण्यापुरते उरले. छडी वर्ज्य करणाऱ्या लँकेस्टरच्या शाळेत गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवण्याची आणि टोपलीत घालून वर टांगण्याची शिक्षा आली. कारण शेकडो मुलांचे यंत्र सुरळीत चालायचे, तर प्रत्येक खिळा जागच्या जागी हवा. आणि मॉनिटर हा त्या यंत्रातील एक चाक झाला. त्याचे स्वतःचे शिक्षण कोठे चालले आहे, हे विचारण्यास कोणास सवड नव्हती. स्वस्त पडते म्हणून ती पद्धत पसरली, आणि स्वस्त पडते एवढ्याच गुणावर जे उभे राहते त्यात माणसाची किंमतही हळूहळू स्वस्त होते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली मांडलेले एक तत्त्व येथे उपयोगी आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतः साध्यही आहे हे प्रत्येक वेळी लक्षात ठेवावे, असा त्याचा आशय. यातील 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांच्या उपयोगी पडतो, आणि पडावेच. दोष उपयोगी पडण्यात नाही. एखादा उपयोगी पडतो म्हणून त्याच्याविषयी आणखी काही विचारायचे आपण विसरतो, तेथे दोष आहे.

हे सर्व मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही मी चुकलो, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमची मंडळी लहान आहे. शब्बाथशाळेला पंधरा-सोळा मुले येतात, चार वर्षांच्या पोरापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत. खोली एक आणि शिकवणारा बहुधा मी एकटा. त्यांत एक मुलगी होती. ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून लहानग्यांना सांभाळत असे. कोणाचे नाक पुसावे, कोणाला पाणी द्यावे, सुवर्णवचन घोकून घ्यावे, चित्रकार्डे वाटावीत, आणि मी मोठ्यांना धडा देत असता एका कोपऱ्यात लहानांना गोष्ट सांगावी, हे सारे ती न सांगता करी. नाताळच्या बक्षीससमारंभात आम्ही दर वर्षी तिला सेवाभावाचे बक्षीस देत असू. तिचे आईवडील धन्य मानीत, आणि मीही मनात म्हणे, या मुलीमुळे माझी शब्बाथशाळा चालते. ते खरेच होते.

पुढे ती मंडळीच्या सभासदत्वाची तयारी करणाऱ्या वर्गात आली. पाळकसाहेबांनी मला तो वर्ग पाहण्यास सांगितले होते. मी तिला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसरा अध्याय वाचून अर्थ सांगण्यास दिला. मला वाटले, ही गोष्ट हिने लहानांना शंभर वेळा सांगितली असेल. तिने वाचण्यास आरंभ केला. लहान मुलगा मंदिरात निजला आहे, हाक येते, तो धावत म्हाताऱ्या एलीकडे जातो, इथपर्यंत ती न पाहताही सांगू शकत होती. शमुवेल देवाला उत्तर देतो त्या ओळीनंतर मात्र ती अडखळू लागली, आणि थांबली. म्हणाली, "काका, ह्याच्या पुढचं मला ठाऊक नाही. लहानांची गोष्ट इथंच संपते."

मी म्हटले, "पण मोठ्यांच्या धड्यात आपण सगळं वाचलं होतं की!"

ती म्हणाली, "तेव्हा मी लहानांजवळ होते ना!"

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने केवळ घडलेली गोष्ट सांगितली. पण मला खाली पाहावे लागले. चार-पाच वर्षे ती शब्बाथशाळेत एकही रविवार न चुकता येत होती, आणि त्या चार-पाच वर्षांत तिच्या वयाचा धडा तिला एकदाही मिळाला नव्हता. ती पाच वर्षांच्या मुलांची गोष्ट सांगत सांगत पंधरा वर्षांची झाली. आम्ही तिला दर नाताळला बक्षीस देत होतो, आणि ज्याचे बक्षीस देत होतो त्यामुळेच ती उपाशी राहत होती.

वाचकहो, आपण तोच अध्याय पुन्हा एकदा उघडू या. शमुवेल लहानपणापासून शिलो येथे एलीच्या हाताखाली सेवा करत होता. आई दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून आणी. तो मंदिरात निजे, सकाळी उठून मंदिराची दारे उघडी. एलीची दृष्टी मंद झाली होती, म्हणजे ते पोर त्याचे डोळे आणि हातपाय दोन्ही झाले असावे. आणि इतके असूनही शास्त्र सातव्या वचनात स्पष्ट सांगते की, शमुवेलाला परमेश्वराची ओळख तोपर्यंत झालेली नव्हती. देवाच्या घरात राहणारा, देवाच्या घराची दारे उघडणारा, कोशाजवळ निजणारा मुलगा, आणि देवाची ओळख नाही! सेवा आणि शिक्षण या दोन गोष्टी एकाच छपराखाली राहूनही निराळ्या राहू शकतात, हे याहून स्पष्ट कोठे सांगितले आहे, मला माहीत नाही.

एलीला ते उशिरा, तिसऱ्या हाकेला उमगले. पण उमगले तेव्हा त्याने काय केले, हे शिक्षकाने विसरू नये. त्याने मुलाला दिवा विझवायला किंवा पाणी आणायला पाठवले नाही. हाकेला काय उत्तर द्यावे हे शिकवले, आणि परत त्याच्या जागी पाठवले. म्हणजे मुलाचा धडा त्याने मुलाच्या हवाली केला.

आता उपयोगी मूल आणि शिकणारे मूल यांतील भेद ओळखावा कसा? मला स्वतःसाठी तीन प्रश्न सापडले आहेत. पहिला : ते मूल जे शिकवते आहे, त्यातून त्याला अजून काही मिळते आहे का? मी चौथीत वजाबाकी शिकवली तेव्हा मला मिळाले. तीच वजाबाकी मी चार वर्षे शिकवत बसलो असतो, तर मिळाले नसते. दुसरा : ते काम फिरते आहे का, की एकाच्याच गळ्यात पडले आहे? बहुधा ते मुलीच्या गळ्यात पडते, आणि त्यातही शांत मुलीच्या. घरी ती धाकट्या भावंडाला कडेवर घेते, शाळेत पहिलीची रांग सांभाळते, मंडळीत तान्ह्यांजवळ बसते, आणि आपण सगळीकडे तिला गुणी म्हणतो. तिसरा : आठवड्यातून थोडा तरी वेळ असा आहे का, की जेव्हा शिक्षकाचे लक्ष त्या मुलावर आणि त्याच्याच धड्यावर असते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील, तर मोठ्याने लहानाला शिकवणे हे दोघांचेही कल्याण आहे. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोहोंचा उपयोग नाही.

हे केवळ कल्पनेतले नाही. आपल्या कर्नाटकात १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील काही शिक्षकांनी आंध्रातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहिल्या आणि परत येऊन 'नली-कली' नावाची पद्धत उभी केली. नावाचा अर्थ आनंदाने शिकणे. २००९–१० पासून ती राज्यभर सरकारी शाळांच्या खालच्या इयत्तांत आली. तिच्यात इयत्तेच्या रांगेऐवजी शिकण्याची शिडी असते. धडे लहान लहान कार्डांवर मांडलेले असतात, आणि मूल आपल्या पायरीवरून पुढच्या पायरीवर आपल्या चालीने चढते. वर्गात पाच गट असतात : एक पूर्णपणे शिक्षकाच्या मदतीचा, एक थोड्या शिक्षकाच्या मदतीचा, एक सोबत्यांच्या मदतीचा, एक सोबत्यांच्या थोड्या मदतीचा, आणि एक आपले आपण शिकण्याचा. कार्ड बदलले की गट बदलतो. म्हणजे आज जो दुसऱ्याला मदत करतो, तो उद्या मदत घेण्यास बसतो आणि परवा शिक्षकासमोर. कायमचा मदतनीस कोणी नाही आणि कायमचा मागासही कोणी नाही. सगळीकडे ही पद्धत सारखीच साधली असे मी म्हणत नाही. शिक्षक थकलेला असेल, कार्डे फाटलेली असतील, तर शिडीही नुसती भिंतीला टेकलेली राहते. पण तिच्या मुळाशी असलेली नीती मला पटते.

आणि ती शब्बाथशाळेत आणणे कठीण नाही. एकच विषय घ्यावा आणि निरनिराळ्या वयांना निरनिराळे काम द्यावे. पाच हजारांच्या भोजनाचा धडा असेल, तर चार वर्षांच्या मुलाने पाच भाकरी व दोन मासे काढावेत. आठ वर्षांच्याने गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. बारा वर्षांच्याने चारही शुभवर्तमानांतील वृत्तान्त ताडून पाहावेत. आणि पंधरा वर्षांच्याला विचारावे की, शिष्यांना लोकांना घरी पाठवून द्यावेसे का वाटले, आणि आपल्याला ते केव्हा वाटते? अखेरीस सर्वांनी एकत्र बसून एकमेकांचे ऐकावे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळ्यांत तर आणखी एक पेच आहे. तेथील मुले शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी वाचतात. चौदा वर्षांचा हुशार मुलगा मराठी शास्त्र हाती घेतले की अडखळतो. आणि ज्या घरी आजी रोज शास्त्र वाचते त्या घरची नऊ वर्षांची मुलगी सरळ वाचत जाते. तेथे वय म्हणजे इयत्ता नव्हेच. अशा ठिकाणी नऊ वर्षांच्या मुलीने चौदा वर्षांच्या मुलाला ओळ वाचून दाखवावी आणि त्याने तिला त्या ओळीतील अवघड गोष्ट समजावून सांगावी. दोघांचाही मान राहतो, आणि दोघांनाही ऐकून घेण्याची सवय लागते.

मार्काच्या सहाव्या अध्यायातील ज्या भोजनाचा उल्लेख केला, त्यात एक गोष्ट आपण वाचताना ओलांडून जातो. ती आधीच्या वचनांत आहे. लोकांची येजा इतकी चालली होती की, शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. प्रभूने ते पाहिले, आणि एकांती येऊन थोडी विश्रांती घेण्यास त्यांना सांगितले. पण लोक पाठोपाठ आले आणि त्याच उपाशी शिष्यांना पंक्ती बसवून वाढावे लागले. शंभर-शंभर, पन्नास-पन्नास अशा पंक्ती. सर्व जेवून तृप्त झाल्यावर तुकड्यांनी भरलेल्या टोपल्या उचलल्या त्या बारा. टोपल्या बाराच का, याचे अर्थ पंडितांनी अनेक लावले आहेत. माझा साधा अर्थ असा की, वाढणारेही बारा होते. ज्याने त्यांचे उपाशी असणे सकाळी पाहिले होते, तो ते संध्याकाळी विसरला नव्हता. वाढणाऱ्याच्या हाती रिकामी टोपली राहू नये, ही प्रभूच्या पंक्तीची रीत आहे.

शिक्षकाच्या लक्षाचा दुसरा प्रश्न उरतो. ते सर्वांना सारखे वाटावे का? चार इयत्तांना तास मोजून चार सारखे भाग केले म्हणजे न्याय झाला का? हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त सांगणाऱ्या प्रभूचा न्याय घड्याळाचा नव्हता. ज्या मुलाला अक्षर लागत नाही, त्याला अधिक वेळ लागणारच, आणि तो द्यावा. पण त्या दृष्टान्ताचा आधार घेऊन नव्याण्णवांना रानात विसरून जाणे हाही न्याय नव्हे. ज्याला सर्व येते असे आपल्याला वाटते, ज्याची कधी तक्रार नसते, ज्याच्यामुळे आपले काम हलके होते, असे मेंढरू कळपात असूनही हरवलेले असू शकते. माझे हरवले होते, आणि ते माझ्या शेजारी बसून बाकीची मोजत होते.

एक इशारा दिल्याशिवाय लेख संपवता येत नाही. एका खोलीच्या शाळेचे गुण गाणे सोपे आहे, आणि ते गुणगान शिक्षक न नेमण्याची सबब होऊ शकते. १८२० साली लंडन मिशनचे रेव्ह. जोसेफ टेलर बेळगावास आले तेव्हापासून या भागात मिशनने शाळांचा जो प्रयत्न केला, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण अनेक ठिकाणी मिशनच्या खेड्यांतल्या शाळामास्तरालाच उपदेशकही व्हावे लागे, आणि दोघांच्या कामाला पगार एकाचा, हेही आपण विसरू नये. दुसऱ्या टोकाला, पट कमी म्हणून शाळाच बंद करावी असाही विचार आहे. २०२३ साली महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतात हे खरे. पण सहा वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून दूरच्या गावी जावे लागले, तर पावसाळ्यात प्रथम मुलीची शाळा सुटते, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगावे लागत नाही. आठ मुलांची शाळा ही उधळपट्टी आहे असे ज्याला वाटते, त्याने त्या आठांपैकी एकाच्या आईला तसे सांगून पाहावे. शाळा राहावी, आणि तिला पुरेसे शिक्षक मिळावेत, अशी मागणी करणे हे ख्रिस्ती नागरिकाचे कर्तव्यच आहे. तोवर जो एकटा शिक्षक तेथे उभा आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि शक्य असेल त्याने आठवड्यातून एक तास त्याच्या मदतीला जावे.

आमच्या शब्बाथशाळेत आम्ही पुढे काय केले, ते थोडक्यात सांगतो. लहानांची पाळी आता मंडळीतील प्रौढांकडे आहे, दर रविवारी निराळ्या व्यक्तीकडे, आणि पुरुषांनाही ती चुकत नाही. आमच्या एका निवृत्त पोस्टमनकाकांना प्रथम फार संकोच वाटला. आता त्यांची पाळी नसली तरी पोरे त्यांच्याच भोवती जमतात. आणि उपासनेपूर्वी अर्धा तास मी त्या मुलीला आणि तिच्या वयाच्या आणखी दोघांना घेऊन बसतो. आम्ही शमुवेलाचे पहिले पुस्तक आरंभापासून वाचले.

तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी ती थांबली. देवाने शमुवेलाला त्या रात्री जे सांगितले ते एलीच्या घराण्याविरुद्ध होते. एलीचे मुलगे बिघडले होते, आणि एलीने त्यांना आवरले नव्हते. सकाळी शमुवेलाने दारे उघडली, पण ते सांगण्याचा त्याला धीर होईना. एलीनेच त्याला बोलावून, काहीही लपवू नकोस असे निक्षून सांगितले. मुलाने सारे सांगितले. तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते तो करो, अशा अर्थाचे बोलून म्हातारा गप्प राहिला.

ती म्हणाली, "काका, एलीला राग आला नाही?"

मी तिला म्हटले की, एलीच्या हातून पुष्कळ चुका झाल्या, पण शिक्षक म्हणून त्याने एक गोष्ट बरोबर केली. मुलाने पूर्ण धडा सांगावा असा त्याने आग्रह धरला, आणि तो धडा त्याच्याच विरुद्ध होता तरी तो ऐकून घेतला.

मी हे एलीविषयी बोलत होतो. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटते, तिला समजले.